मौनीबाबा गाडीत बोलतो

ताईचा जळफळाट कुणा परक्या बाईमुळे झाला असता तर सोपं होतं. चार शब्द सुनावले असते, दार आपटलं असतं, मोकळी झाली असती. पण तिच्या पोटात दुखत होतं ते सख्ख्या धाकट्या बहिणीमुळे, आणि तेही कशासाठी, तर आपला नवरा तिच्याशी बोलतो म्हणून. बोलतो म्हणजे नुसतं बोलतो हो! गप्पा मारतो. आता ही तक्रार घेऊन बाईमाणसानं जायचं तरी कुणाकडे?

तिचा नवरा काय चीज होता ते आधी सांगायला हवं. माल वाहणाऱ्या एका कंपनीच्या ट्रकअड्ड्यावर तो जुना ड्रायव्हर. केस पिकल्यावर मॅनेजरनं त्याला नव्या ड्रायव्हरांना रस्त्यावर तयार करायचं काम दिलं. शिकणारे त्याला उस्ताद म्हणायचे. गल्लीतले लोक मात्र मौनीबाबा म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. चहा देऊ? 'हं.' बाजारातून काय आणू? 'काहीही.' कंपनीनं एकदा त्याला चांगला ड्रायव्हर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते ताईला कळलं कधी, तर घरात टिकटिक ऐकू आली तेव्हा. कुठून आलं विचारलं तर म्हणाला, 'मिळालं.'

ताई स्वतः अशी की गप्प बसली तर लोकांनी डॉक्टरला बोलवावं. अड्ड्याच्या फाटकाजवळ पत्र्याची शेड होती, तिथे बसून ती ट्रकवरच्या फाटक्या ताडपत्र्या शिवायची. तळहाताला चामड्याचा पट्टा, हातात दाभण, आणि तोंड अखंड चालू. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे दोन मिनिटं थांबून हसून जायचा. नवरा समोरून जायचा तो मान हलवून.

संसारात तो एकदाच बोलला होता. मुलाच्या वेळी ताईचं बाळंतपण अडलं. दवाखान्यात तिला आत न्यायला अजून अवकाश होता, आणि हा कॉटचा दांडा धरून उभा. अंगठा मुठीच्या आत घालून धरला होता, लहान पोरं धरतात तसा. आणि जो बोलत सुटला तो थांबेचना. विहिरीत पडलेली चप्पल, शाळेतला मोडका बाक, शेजारच्यांचा लंगडा कुत्रा, काय वाट्टेल ते. कळा सोसतानाही ताईला वाटलं, अगं बाई, या माणसाचा आपल्यावर जीव आहे की! मुलगा मोठा झाला, नोकरीसाठी लांब गेला, तरी ताईनं ती दुपार जपून ठेवली होती. त्या दुपारनंतर पुन्हा 'हं' सुरू झालं ते झालंच.

धाकटी एका गोदामात खोकी भरायची. नवरा तिला केव्हाच सोडून गेला होता, आणि त्यात गोदाम बंद पडलं. पदरात शाळेत जाणारी मुलगी. तेव्हा ताईच मॅनेजरच्या मागे लागली, 'घ्या हो तिला ड्रायव्हर म्हणून. सायकलसुद्धा ती माझ्याआधी शिकली.' धाकटीनं लायसन्स काढलं, आवारात ड्रम मांडून गाडी मागे घ्यायला शिकली, आणि मग माल भरून खऱ्या रस्त्यावर जायची वेळ आली. शिकवणारे दोनच. एक मौनीबाबा. दुसऱ्याला सगळे खवीस म्हणायचे. तो शेजारी बसून इतका ओरडायचा की भलेभले पहिल्याच उतारावर 'नको ती नोकरी' म्हणून परत फिरायचे. 'बाई गं, तू आपली भाऊजींबरोबर जा,' असं ताईनंच तिला सांगितलं. धोंडा स्वतःच्या पायावर पडला आहे हे तिला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

धाकटी आपल्या मुलीला न्यायला ताईकडे आली. तोंड धुळीनं माखलेलं, पण डोळे चमकत होते.

'दमलीस?' ताईनं विचारलं.

'हात भरून आलेत. क्लच म्हणजे नुसता दगड गं! पण दिवस कसा गेला कळलंच नाही. भाऊजी काय बोलतात, ताई!'

'कोण?'

'आपले भाऊजी. मिनिटभर तोंड मिटत नाहीत. हसून हसून पोट दुखलं माझं.'

ताईनं मागे वळून बघितलं. मौनीबाबा नळाखाली पाय धूत होता. 'ऐकलंत का, ही काय म्हणते?' ताई म्हणाली. त्यानं नळ बंद केला आणि म्हणाला, 'टॉवेल.'

मग हे रोजचंच झालं. धाकटी यायची आणि ताईच्याच घरात बसून ताईच्याच नवऱ्याच्या बातम्या द्यायची. भाऊजी लहानपणी भिंतीवरून पडले होते. भाऊजींना मांजराची भीती वाटते. भाऊजींना खरं तर पोहणारा व्हायचं होतं. ताई वरवर हसायची, आणि आतून अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. ज्या माणसाचे मोजेसुद्धा ती उजवा-डावा ओळखते, त्याच्याबद्दल तिला बाहेरून कळायचं!

एके दिवशी धाकटी म्हणाली, 'तू विणलेला तो हिरवा स्वेटर आहे ना, तो मानेला टोचतो म्हणे त्यांना. पण हौसेनं विणलाय, सांगणार कोण, म्हणाले.' ताईच्या हातातली बशी तिथेच थांबली. तिनं काही बोलायच्या आत धाकटीनं पुढचं सांगितलं. 'आणि त्यांची आई काय छान गायची म्हणे, कपडे वाळत घालताना.'

स्वेटरचं ताईनं गिळलं असतं. पण हे? सासूबाईंचं शेवटचं दुखणं तिनं काढलं होतं. उशापायथ्याशी बसून दिवस काढले होते. त्या गायच्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि परवा क्लच दाबायला शिकलेल्या या पोरीला ते माहीत!

त्या संध्याकाळी धाकटीला चहा मिळाला तो कोमट. मुलीची वेणी घालायची राहिली. ताईनं नवऱ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि विचारलं, 'स्वेटर टोचतो का हो तुम्हाला?'

'हं?' तो म्हणाला. 'नाही.'

'आई गायच्या का तुमच्या?'

'कधीतरी.' आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

झालं! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. घरात शब्दांचा दुष्काळ, आणि तिकडे बहिणीवर पाऊस? तिला वेडंवाकडं काही वाटत नव्हतं. बहीण तशी नव्हती, नवराही तसा नव्हता. तसं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. आपल्या वाट्याचं काहीतरी दुसरीच्या पदरात पडतंय एवढंच तिला दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. 'माझ्या बहिणीला खवीस मास्तरांकडे द्या.'

मॅनेजर चकित झाला. 'त्याच्याकडे? पोरगी टिकेल का तिथे? महिन्याच्या आत घरी बसेल.'

'नात्यातल्या माणसानं शिकवू नये. लाड होतात.' तिला स्वतःचा आवाज ऐकून जरा लाज वाटली, पण मागे हटली नाही.

मॅनेजर विचार करून म्हणाला, 'आज तुला लांबच्या गोदामात जायचंय ना, तिथली मोठी ताडपत्री फाटलीय? त्यांच्याच गाडीनं जा. काय लाड होतात ते डोळ्यांनी बघ. संध्याकाळी येऊन सांग, उद्यापासून बदलून टाकतो.'

ताई दाभण, सुतळी पिशवीत घालून ट्रकमध्ये चढली आणि सीटांच्या मागे झोपायचा बाक असतो त्यावर बसली. गावातल्या गर्दीतून गाडी मौनीबाबा स्वतः काढत होता. धाकटी शेजारी. कुणीही चकार शब्द काढला नाही. ताई मनात म्हणाली, बघा, बघा! मी आहे म्हणून दोघं मूग गिळून बसलेत. तिनं ठरवूनच टाकलं, संध्याकाळी मॅनेजरला सांगायचं.

कारखान्यांच्या भिंती संपल्या, मोकळा रस्ता लागला. मौनीबाबानं गाडी कडेला घेतली. दोघांनी जागा बदलली. धाकटीनं सीट पुढे ओढली, आरसे बघितले, गिअर टाकला. चाकं फिरली मात्र, आणि तो सुरू झाला.

'ती पिवळी भिंत बघितलीस? तसल्याच भिंतीवरून पडलो होतो मी. आरसा बघ. तर पडलो तो थेट शेणात. सायकलवाला आहे, बघितलास ना? आई म्हणाली, याला आता घरात घेऊ नका. हळू, हळू, शाबास. दोन बादल्या पाणी ओतलं माझ्यावर.'

धाकटी समोरची नजर न हलवता हसली. 'बघ ताई, मी खोटं सांगत होते का?'

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं. हा आवाज, हा माणूस इतकी वर्षं कुठे होता? तिनं मान वळवली आणि तिची नजर खाली गेली.

मौनीबाबाचा उजवा पाय. त्या बाजूला ब्रेकच नव्हता, तरी पाय सारखा दाबत होता. वळण आलं, दाबला. समोरून बस आली, दाबला. पायाखालचं रबर तिथे झिजून भोक पडलं होतं, खालचा पत्रा दिसत होता. किती शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून पडलं असेल ते! शिकणाऱ्याचे डोळे रस्त्यावर, त्याला कुठून दिसणार? ते फक्त मागच्या बाकावरून दिसत होतं.

'आई गायची ना, तेव्हा कपड्यांचे चिमटे दातांत धरून गायची,' तो सांगत होता. 'त्यामुळे शब्द काय ते...' तेवढ्यात आडरस्त्यावरून एक टेम्पो सरळ समोर घुसला. धाकटीनं ब्रेक मारला, गाडी थांबली. इकडे मौनीबाबाचा पाय दोनदा पत्र्यावर आपटला. '...शब्द काय ते कधी कळलेच नाहीत,' त्यानं वाक्य पुरं केलं. आवाज फक्त पातळ झाला होता. 'छान थांबवलीस. चल, पहिला टाक.'

त्याच्या हातात दाराजवळचा दांडा होता. अंगठा मुठीच्या आत.

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा बोलत नव्हता, हा घाबरला होता! जीव मुठीत धरून बसला होता. आणि ती दुपार? ती आयुष्यभर जपलेली दुपार? तेव्हाही घाबरलाच होता मेला.

गोदामात पोचल्यावर धाकटी कागदांवर सही घ्यायला आत गेली. ताईनं नवऱ्याला टायरपाशी गाठलं. 'तुम्ही घाबरता?'

त्यानं आधी गोदामाच्या दाराकडे बघितलं. 'हळू बोल. तिला कळलं तर हात कापेल तिचा.'

'मग ती सगळी बडबड?'

'बोललो नाही तर ओरडेन. ओरडलो तर शिकणारा बिचकतो. म्हणून येईल ते बोलत सुटतो.'

'आणि घरी का नाही बोलत?'

त्याला प्रश्नच कळला नाही. 'घरी कशाला घाबरू?' तो म्हणाला. 'घरी तू असतेस.' आणि दोर सोडायला निघून गेला.

दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. ताईही विरघळली, नाही असं नाही. ताडपत्री शिवताना तिचे टाके चारदा चुकले. पण पुरती विरघळेल ती ताई कसली! म्हणजे आपण घर इतकं नीट सांभाळलं, या माणसाच्या पोटात कधी गोळा येऊ दिला नाही, त्याचं बक्षीस काय, तर 'हं'! आणि जी गाडी पुलावरून खाली घालेल की काय असं वाटतं, तिला सासूबाईंची गाणी! शिवता शिवता तिला हसू आलं, आणि मत्सर काही गेला नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं विचारलं, 'काय मग, बदलायचं का?'

'राहू द्या तिला त्यांच्याकडेच,' ताई म्हणाली. 'चांगलं शिकवतात.' घरी धाकटीला चहा मिळाला तो वाफाळता, आणि मुलीच्या दोन वेण्या घट्ट घालून झाल्या होत्या. धाकटीनं विचारलं, 'आज काय विशेष?' ताई म्हणाली, 'पी गुपचूप.'

धाकटी गेली. मौनीबाबा खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. ताईनं भाजी चिरता चिरता सहज सांगितलं, 'मी काय म्हणते, मलाही गाडी शिकायची आहे. उद्या मॅनेजरना भेटते.'

नाडी सोडणारे हात थांबले.

'अगं, वेड लागलंय का?' तो म्हणाला. 'तुझे पाय पोचायचे नाहीत. तुझं लक्ष रस्त्यावर राहील का? रस्त्यात जो दिसेल त्याच्याशी बोलत बसशील. ट्रक म्हणजे दाभण आहे का? आमच्याकडे एक जण होता, चांगला धट्टाकट्टा, उतारावर गिअर काढला त्यानं, पुढे काय झालं माहितीय? आणि तुझी मान दुखते, सारखं आरशात कसं बघणार? आणि तो स्वेटर टोचतो, तेही सांगून ठेवतो एकदा! तू चालवायला बसलीस तर शेजारी मी बसायचं कसं, याचा विचार केलास? तुला काही झालं म्हणजे? अं?'

खुर्चीच्या हातावर त्याची मूठ आवळलेली होती, अंगठा आत. ताईनं सुरी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर जाऊन बसली.

'बसाल हळूहळू,' ती म्हणाली. 'ते चिमटे दातांत धरून आई कुठलं गाणं म्हणायच्या, ते आधी सांगा.'

आणि तो सांगायला लागला.