पोरीचा ताप

गाडीवर जीव लावणारी माणसं जगात ढिगाने सापडतील, पण गाडीचं पोट बिघडलं म्हणून स्वतः उपास धरणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. आष्टीच्या बाजाराला गावच्या शेळ्या पोचवणारी त्यांची पिकअप इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर त्यांच्या घरातच दोन मतं आहेत. साडू तिला ‘पोरगी’ म्हणतात. चप्पल काढल्याशिवाय आत बसत नाहीत आणि पंपावर डिझेल भरणाऱ्याला दटावतात, "हळू घाल बे, ठसका लागंल तिला!" लहानपण शेळ्यांमागे गेल्यामुळे कान धरून ताप बघायची सवय अशी अंगात भिनली आहे, की मी माझ्या किराणा दुकानात नुसता शिंकलो तरी त्यांचा हात माझ्या कानाकडे येतो.

यंदा नवरा-बायको ऊसतोडीहून परतले आणि पोरीचं अ‍ॅव्हरेज एकाएकी घसरलं. पूर्वी एका टाकीत दोन बाजार व्हायचे, आता एकातच काटा तळाला. फिटरने फिल्टर बदलले, चाकांत हवा मारली, काही फरक नाही. साडूंनी लिंबागणेशला जाऊन नवस बोलला, त्या खेपेत आणखी एक टाकी संपली. मग त्यांना भाराचा संशय आला. जादाचं चाक उतरवलं, मागची जाळी उतरवली आणि शेवटी माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पावनं, तुमीबी लई सुटलाव." त्या दिवशी बाजारातून मी एसटीने घरी गेलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मेव्हणीचा मात्र धीर सुटला. "शेळ्यांचं भाडं हीच पिऊन टाकती. उद्या नांदूरघाटचं गिऱ्हाईक यायलंय, देऊन टाका," तिने निकाल दिला. साडूंनी जेवणच टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्यावर न विकलेल्या शेळ्या उतरवल्या आणि ते निरोपाचा हात फिरवत पोरीभोवती हिंडू लागले. बॉनेट, दार, एकेक चाक. मला बघवेना. डाव्या मागच्या चाकाशी पोचले आणि हात झटकून ओरडले, "ताप हाय! पावनं, पोरीला ताप हाय!" उन्हाने डोकं फिरलं असं मला वाटलं, पण हात लावला तर चटकाच बसला. बाकीची तीन चाकं कोमट, हे एकटंच तव्यासारखं. जॅक लावून उचललं तर दोघांनी जोर लावूनही फिरेना.

फिटरला तिथेच बोलावलं. त्याने ड्रम खोलला. आत गंज चढून ब्रेक घट्ट धरून बसलेला. गाडी इतके दिवस ब्रेक दाबूनच पळत होती.

"पर धरला कावून?" साडूंनी विचारलं.

"हँडब्रेक वढून लई दिवस उभी केलती का?"

साडूंनी आभाळाकडे बघितलं. मेव्हणीने साडूंकडे बघितलं. "ऊसतोडीला जाताना दोन्ही हातांनी वढलाता," ती म्हणाली, "वरून दोरीनं बांधला. पोरगी पळून जाईल म्हनून!"

ब्रेक मोकळा झाला तोवर गिऱ्हाईक मारुतीच्या पारावर येऊन बसलं होतं. साडूंनी मला शेजारी बसवलं, सपाट रस्त्यावर वेग घेतला आणि गाडी न्यूट्रल केली. एरवी न्यूट्रल केली की गिरणीपाशीच अडणारी पोरगी गिरणी ओलांडून गेली, पार ओलांडून गेली, गिऱ्हाईक हात करत मागे धावू लागलं. "थांबवा की," मी म्हणालो. "चाललीय तर चालू द्या की पावनं, मोडता कावून घालता?" साडू हसत होते आणि डोळे पुसत होते. त्या रात्री ते दोन माणसांचं जेवले. पुढे एका टाकीत पुन्हा दोन बाजार होऊ लागले, तेही मला बसवून.

दिवाळी झाली आणि दोघं परत ऊसतोडीला गेली. या वेळी पोरगी माझ्या दुकानामागे उभी आहे, चाकांना दगड, हँडब्रेक सैल. ट्रॅक्टरवर चढताना साडू म्हणाले, "अदनंमदनं हात लावत जावा तिला. एकटी हाय." मी हसलो होतो. आता दुकान बंद केलं की आपोआप तिकडे वळतो आणि डाव्या मागच्या चाकावर हात ठेवतो. चाक गार लागतं. गार म्हणजे पोरगी ठणठणीत, हे त्यांनीच शिकवलंय. तरी रोज वाटतं, जरा कोमट लागावं, नुकतंच कुणी बाजारातून आल्यासारखं.