खंड्यासाठीचे सतरा शनिवार

आम्ही पुणतांबा सोडलं तेव्हा सगळी गल्ली निरोपाला आली होती, असं मी नगरजवळच्या केडगावात सांगतो. खरं म्हणजे गल्ली माझं आणि कुत्र्याचं भांडण बघायला थांबली होती.

टेम्पो भरून झाला होता. कपाट, गाद्या, पितळी घागर, माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या धंद्याची तांब्याच्या तारेची रिळं. आई ड्रायव्हरशेजारी, माझी बायको सुनंदा मागे गाद्यांवर. राहिला होता खंड्या. आईनं त्याला वाटीनं दूध पाजून वाढवलेला, त्यामुळे तो चढल्याशिवाय ती टेम्पो हलू देईना. मी रुबाबात हाक मारली. तो जागचा हलला नाही. मग काठी दाखवली, कारण आमच्याकडे बैल, पोर आणि कुत्रं शिकवायचं तेवढंच एक साधन. वडील म्हणायचे, "वल्लं हाय तवर वाकवायचं, आन् काठीनंच वाकवायचं." काठीनं काम होईना म्हणून गळ्यात दोरी टाकून ओढला, तर त्यानं माझा उजवा पंजा दातांत असा धरला की दोरीही सुटली आणि रुबाबही.

माझा चुलतभाऊ रावसाहेब समोरच्या ओट्यावर बसून न्याहारी करत होता. माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा, तेवढ्या भांडवलावर जन्मभर माझ्याकडून 'दादा' म्हणवून घेतोय. त्यानं भाकरीचा एक तुकडा खाली टाकला. खंड्या गेला आणि त्याच्या पायाशी बसला.

"बघा रं," रावसाहेब गल्लीला म्हणाला, "ह्याच्यासंगं कुत्रंबी जायाला तयार न्हाई. दत्त्या, जा तू. पाडव्यापतूर माघारी येतूस का न्हाई बघ!"

गल्ली हसली. मी रुमाल गुंडाळलेला हात घेऊन मागे सुनंदाशेजारी बसलो. केडगाव येईपर्यंत आई पुढच्या केबिनच्या जाळीतून एकच वाक्य म्हणत होती, "मुकं जनावर ते. तू वरडलास कशाला?" ती रावसाहेबावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच प्रवासात मी ठरवलं. खंड्या येईल. ह्याच गल्लीत, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दोरी न लावता, आपल्या चार पायांनी माझ्या टेम्पोत चढेल. आणि तो चढला की मी रावसाहेबाला एक वाक्य ऐकवीन. वाक्य राहुरीपर्यंत तयार झालं होतं: "दादा, माझ्यामागं कुत्रं आलं, तुझ्यामागं कोण येतंय ते बघ." नगर येईपर्यंत मी ते शंभरदा घोटलं.

तुम्ही जे गावात राहिलात ते म्हणाल, एवढ्यावर कुणी सूड धरतं का? तुम्ही जे माझ्यासारखे निघालात ते म्हणणार नाहीत. निघताना गाव शेवटचं जे हसतं, ते सामानात बांधून येतं.

केडगावात उतरल्यावर पहिलं काम दवाखाना. तिथल्या साळवे सिस्टरनी सुई भरता भरता विचारलं, "कुणाचं कुत्रं?"

"घरचंच."

"मग तुम्ही काय केलं होतंत?"

कुत्र्याची बाजू आधी ऐकून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. सगळं सांगितलं, सुडाचा बेतही. सिस्टर म्हणाल्या, "सूड तुमचा तुम्ही बघा. पण कुत्रं आपल्या पायांनी यायला हवं असेल, तर रविवारी घरी या. काठी आणू नका."

त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली सतरंजीवर पुणे रोडवर गाड्यांनी उडवलेली, कुणी पोत्यात घालून सोडलेली पाच कुत्री. त्यांत बटाटा नावाचं एक तीन महिन्यांचं पिल्लू होतं. माझी शाळा बटाट्यावर सुरू झाली. सिस्टरनी कलेजीचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकावरून मागे नेला. तुकड्याकडे बघता बघता त्याचं बूड आपोआप टेकलं. टेकल्या क्षणी जिभेनं 'टक्' आणि तुकडा तोंडात. ना दाबणं, ना ओरडणं.

"टक् म्हणजे 'हेच बरोबर'," त्या म्हणाल्या. "उशीर झाला की त्याला कळतच नाही, खाऊ कशाबद्दल मिळाला."

माझा उशीर व्हायचा. बटाटा अंगावर उडी मारायचा, मी "आरं आरं" करायचो, तो खाली बसायचा, मग मी तुकडा द्यायचो. आठवड्यात तो पक्का शिकला: आधी दत्तूभाऊंच्या छातीवर उडी, मग बसणं, मग कलेजी. पुढे महिनाभर तो प्रत्येक पाहुण्याला हाच कार्यक्रम दाखवत होता. एकदा तर कलेजी खिशातच विसरलो, तर त्यानं पँटीचा खिसा शिवणीसकट वेगळा केला. सिस्टर पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "बटाटा हुशार आहे. तुमचं काय करायचं?"

आणखी एक अडचण. लहानपणी बैलानं माझे पुढचे दोन दात पाडलेत, त्यामुळे मला 'टक्' जमेना, नुसती हवा जायची. मग दुकानातलं एक जुनं विजेचं बटण काढलं. दाबलं की खणखणीत 'खट'. स्वतःच्या अकलेवर खूश झालो. ही अक्कल पुढे कुठं नडली ते सांगतोच.

दुकानाला सुट्टी शनिवारी. आणि शनिवारी आमच्या घरात मटण-मच्छीचं नाव काढायचं नाही, तो मारुतीचा वार. म्हणून कलेजी शुक्रवारी उकडायची, सिस्टरच्या फ्रीजमध्ये ठेवायची, आणि शनिवारी सकाळी आईची नजर चुकवून डबा घेऊन पुणतांब्याची रेल्वे धरायची. पहिल्या शनिवारी सिस्टरचा हुकूम एवढाच: लांबून तुकडे फेकायचे आणि परतायचं. हाक नाही, हात लावणं नाही, डोळ्यांत बघणंही नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास जायचं, दहा तुकडे फेकायचे आणि यायचं. सूड स्वस्तात मिळत असता तर महाभारत एका दुपारी आटपलं असतं.

गोदावरीच्या काठाला खंड्या दुपारी भटकतो, ते मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तो वीस पावलांवर थांबला, मी निघून गेल्यावर तुकडे खाल्ले. तिसऱ्या शनिवारी दहा पावलं. पाचव्या शनिवारी मी पाठमोरा बसलो असताना मागून येऊन त्यानं डबा हुंगला. मी श्वास रोखून बसलो. स्वतःच्या लग्नातही इतका गप्प बसलो नव्हतो.

पण गाव बघत होतं. शनिवार, नदीकाठ, कलेजीचे तुकडे, आणि वाटणीनंतर गाव सोडून गेलेला भाऊबंद. गावानं दोन आणि दोन मिळवून बावीस केले. वहिनीचा, म्हणजे रावसाहेबाच्या बायकोचा, आईला फोन आला, "आत्याबाई, दत्तूभावजी नदीवर उतारा टाकत्यात म्हनं. ह्यांच्या पोटात दोन दिस झाले कळ येतीया. दाराला लिंबू-मिरच्या बांधल्यात."

आईनं मला उभं केलं. "काय करतूस रं तिथं?" आईला तेव्हाच खरं सांगितलं. ती म्हणाली, "दुबळा झालाय का रं त्यो?" चौकशी खंड्याची होती.

रावसाहेबाला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे मान्य. उलट पुढच्या शनिवारी तो लांबून बघतोय असं दिसल्यावर मी तुकडे टाकताना ओठ हलवायला लागलो. म्हणत होतो मोटरींची मापं, "अर्धा एचपी, एक एचपी, तीन एचपी, पाच एचपी." त्या आठवड्यात त्यानं अंगावरून ओवाळून कोंबडा सोडला म्हणतात. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

दहाव्या शनिवारनंतर खंड्या 'खट' ऐकलं की माझ्यापुढे पाठ ताठ करून बसायला लागला. मग दोरी नुसती दाखवायची आणि तुकडा द्यायचा, म्हणजे दोरीची भीती जावी. मग जमिनीवर फळी, फळीवर पाय ठेवला की खट. मग तीच फळी नदीकाठच्या मोडक्या बैलगाडीला तिरकी. पंधराव्या शनिवारी तो फळीवरून चालत बैलगाडीत चढला आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या. तो घाबरून उतरला. पुन्हा दोन शनिवार त्यात गेले.

आणि इथं माझ्या अकलेचं बिल आलं. रावसाहेबाच्या अंगणात बोअर आहे, त्याचा स्टार्टर ओट्याच्या भिंतीवर. लाइट आली की तो हिरवं बटण दाबतो. खट! माझ्या बटणाचा सख्खा भाऊ. रोज ते वाजलं की खंड्या धावत जाऊन रावसाहेबापुढे ताठ बसायला लागला. रावसाहेब गल्लीभर सांगत सुटला, "बसतंय बघा माझ्यापुढं! जनावराला धाक लागतो, धाक." म्हणजे माझ्या पैशाच्या कलेजीवर मी कुत्रं त्याच्यासाठी शिकवत होतो. जन्मभर मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला गावात स्टार्टर असतात हे आठवलं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "आवाज बदला. नाहीतर थांबा. खाऊ नसलेला खट कुत्रं हळूहळू सोडून देतं."

"थांबायला वेळ न्हाई. पाडव्याला रावसाहेब नवा ट्रॅक्टर आणतोय. सगळी गल्ली जमनार."

"म्हणजे तुम्हाला कुत्रं नकोय, गल्ली हवीय."

मला दोन्ही हवं होतं. मी आवाजही बदलला नाही आणि थांबलोही नाही.

पाडव्याला सकाळी टेम्पो घेऊन गल्लीत शिरलो. ट्रॅक्टरला हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, रावसाहेबाच्या डोक्यावर नवा फेटा, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी टेम्पोचं मागचं फाळकं पाडलं, फळी तिरकी लावली. सणाच्या दिवशी खिशात कलेजी, त्याचं पाप वेगळं. आई ड्रायव्हरशेजारी बसून होती. येऊ नकोस म्हणून मी हात जोडले होते, पण ती म्हणाली होती, "तू मला हितं ठिवून गेलास तर संध्याकाळी भाकरी मिळनार न्हाई."

मी बटण दाबलं. खंड्या गर्दीतून आला. फळीवर पुढचे दोन पाय. गल्ली टाचा उंचावून बघायला लागली.

तेवढ्यात रावसाहेब ओट्यावर चढला. मोठ्यानं म्हणाला, "खंड्या, बस!" आणि भिंतीवरचं हिरवं बटण दाबलं. खट.

खंड्या फळीवरून उतरला, गेला आणि त्याच्यापुढे ताठ बसला.

काय हसली गल्ली! माझा हात वर गेला होता, ओरड घशाशी आली होती. आतून आईचा आवाज आला, "दत्तू, वरडू नगंस." मी हात खाली घेतला आणि फळीशेजारी मातीत बसलो, अंग वळवून, खंड्याकडे न बघता. नव्या पँटीत.

खंड्या रावसाहेबाकडे बघत होता. खट झालं, आपण बसलो, आता खाऊ. कुत्र्याचा हिशोब सरळ असतो. रावसाहेबानं कौतुकानं पुन्हा बटण दाबलं. खंड्या थोडा पुढे सरकून बसला. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "आरं रावसाहेब, दे की कायतरी त्येला. किती येळ बसंल त्ये?"

रावसाहेबानं हातातल्या पेढ्याकडे पाहिलं, आणि तो स्वतःच्या तोंडात टाकला. "कुत्र्याला कुठं पेढा? हाड!" म्हणून पाय उचलला.

खंड्या उठला. पळाला नाही. सरळ चालत माझ्यापाशी आला, नाक माझ्या खिशाला लावलं, माझ्या प्रेमाला नव्हे, हे स्पष्ट सांगतो. मी फळीकडे बोट केलं. तो चढला. वर जाऊन आईच्या पाठीमागच्या जाळीला तोंड लावून बसला, आणि जाळीच्या आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला.

आता माझं वाक्य. पाच महिने घोटलेलं. पण मोठ्यानं म्हणावं तर खंड्या दचकून खाली उडी मारणार. तेव्हा फाळक्याला हात धरून, बटाट्याशी बोलायचो त्या लाडीगोडीच्या आवाजात, हळू हळू म्हणालो, "दादाऽ, माझ्यामागं कुत्रं आलं ले... तुझ्यामागं कोन येतंय ते बघ हं... शाब्बास!"

आधी वहिनी हसल्या. पदर तोंडात घालूनही हसू बाहेर आलं. मग गल्ली हसली, आणि ह्या वेळी माझ्या बाजूनं. रावसाहेबाच्या फेट्याचा शेमला थरथरत होता. पाच महिन्यांत मला कुठल्या बोलण्यातून एवढा आनंद मिळाला नव्हता, आणि तो बोबडा बोलून मिळाला.

केडगावात खंड्याला सिस्टरच्या घरची पाच कुत्री पसंत पडली, आमचा दुकानाचा ओटा पसंत पडला, आणि आईच्या खाटेखालची जागा तर त्यानं विचारलीही नाही. मी आवाज बदललाय. आता शिट्टी वाजवतो. दात नसल्यानं तीही फुसकी येते, पण तो समजून घेतो.

परवा वहिनींच्या भावाच्या लग्नाला गावी जायचं होतं. आईला वाटलं, खंड्यालाही गाव दाखवू. स्टेशनवर जायला रिक्षा आली. त्यानं आत डोकावून पाहिलं, वळला आणि दुकानाच्या ओट्यावर जाऊन पसरला. तुकडा दाखवला तरी उठला नाही. आम्ही त्याच्याशिवाय गेलो.

रावसाहेब मांडवात भेटला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "खंड्या न्हाई आनला?"

"त्यो यायला तयार न्हाई," मी म्हणालो. हे वाक्य आयतं माझ्या हाती आलं होतं, मी ते चवीनं म्हणालो.

"बरा हाय का पन?"

"लई बरा. तुझी आठवन काढत न्हाई."

रावसाहेबानं चहा पुढे सरकवला. मीही घेतला. संध्याकाळच्या गाडीला तीन तास होते. मी उगाच नदीकडे गेलो, आमच्या जुन्या दारावरून दोनदा फिरलो, नव्या भाडेकरूंनी दाराला कुठला रंग दिलाय ते बघून आलो, आणि स्टेशनवर आईनं विचारलं तर म्हणालो, पाय मोकळे करत होतो.

खंड्यानं गाव दोन महिन्यांत सोडलं. मी अजून सोडतोच आहे. रावसाहेबावर सूड उगवून झाला. राहिलेला सूड आता गाव माझ्यावर उगवतंय.