पाहुण्यांसाठी पुसलेलं विमान

हिवाळ्यात नागपुरात संत्री येतात आणि सरकार येतं. संत्र्यांचा कोणाला त्रास नसतो. सरकार मात्र अख्खं येतं, मंत्री, फायली, मोर्चे आणि पोलिसांचे अडथळे सगळं घेऊन. अधिवेशनाच्या दिवसांत विदर्भातल्या प्रत्येकाला आपलं एखादं अडलेलं काम आठवतं. त्या वर्षी अडलेलं काम माझं होतं, आणि ते विमानाचं होतं.

मी उमरेडची. आई घरी हातमाग चालवते. विमान चालवायचं मी ठरवलं तेव्हा गल्लीत लोक हसले, आणि मी त्यांना हसू दिलं, कारण मला घाई होती. विमानतळाच्या एका कोपऱ्यात शासनाच्या अनुदानावर चालणारी छोटी उड्डाण-शाळा होती. एक हँगर, एक विमान आणि आम्ही मूठभर विद्यार्थी. इंजिनाला ठरावीक तासांचं आयुष्य असतं. ते संपलं की इंजिन कितीही छान वाजो, ते पूर्ण खोलून दुरुस्त केल्याशिवाय उडायला मनाई. आमच्या इंजिनाचे तास नेमके संपले. वैमानिक परवान्याचे माझे लेखी पेपर सुटलेले होते, पण त्यांची मुदत उन्हाळ्यात संपणार होती. त्याआधी एकटीने करायचं लांबचं उड्डाण झालं नाही, तर सगळे पेपर पहिल्यापासून. मी हुशार आहे, पण इतकी सहनशील नाही.

इंजिनाच्या खर्चाची मागणी अधिवेशनात येणार होती. त्याआधी आमदारांची एक समिती विमान बघायला येणार असं कळलं, आणि तिथेच आमचा घात झाला.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की घर घर राहत नाही. फाटकी सतरंजी आत जाते, कोरी चादर बाहेर येते. हँगरचंही तेच झालं. चुना मारला, रांगोळी काढली, तेलाचे डाग घासून काढले. आमचे मेकॅनिक काका, ज्यांना आम्ही सगळे नुसतं काका म्हणायचो, त्यांनी विमानाला असं पॉलिश केलं की त्यात बघून भांग पाडावा. मी म्हटलं, "काका, आपल्याले बिघडलेलं विमान दाखवायचं आहे न?"

"काहून वं, पाहुण्यासमोर इज्जत घालवतं का?" काका फडकं मारतच राहिले.

समिती आली. तर्री-पोहे झाले, संत्रा बर्फी झाली. आमदारांनी कॉकपिटमध्ये बसून फोटो काढून घेतले. एकाने विचारलं, विमान कसं आहे? आमचे प्रमुख इतके खूश होते की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एकदम फस्क्लास, साहेब!" समितीने आजूबाजूला पाहिलं. सगळं खरंच फस्क्लास होतं. संध्याकाळी निरोप आला: स्थिती उत्तम दिसते, खर्च यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.

माझं डोकं असं सणकलं की जेवण गेलं नाही. बर्फी खाऊ घालून स्वतःचं विमान जमिनीवर बसवणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे सापडायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आमदार निवासाला गेले. समितीतले एक आमदार आमच्याच भागातले होते. दाराबाहेर अर्ज घेऊन आलेल्या लोकांची गर्दी होती. मी अर्ज नेलाच नव्हता. आत शिरले आणि सांगितलं, "साहेब, काल तुम्ही ज्या विमानात फोटो काढला, ते उडू शकत नाही."

"काही सांगतं का पोरी! मी सोता पाहिलं. चकाचक होतं."

"चकाचक पुसलेलं होतं. सांगून न येता या, मग पाहा."

कदाचित त्यांना मी उद्धट वाटले असेन, आणि मी होतेच. पण दुसऱ्या सकाळी ते खरंच आले, एकटे, रिक्षाने. हँगरमध्ये कोणाला चुना मारायला सवड मिळाली नाही. काका बनियनवर दाढी करत होते. आमदार म्हणाले, "इंजिन दाखवा." काकांनी तोंडावरचा फेस पुसून समोरचं झाकण उघडलं. आत, इंजिनाच्या वर, काड्या, चिंध्या आणि पिसांचं मैनेचं घरटं होतं. विमान इतके दिवस उभं होतं की पाखराने घर केलं होतं, आणि आम्ही वरून पॉलिश मारलं होतं.

"हे परवा काहून नाही दाखवलं गा?" आमदारांनी विचारलं.

काका खाली बघून म्हणाले, "पाहुण्याले घरातलं पडलं-झडलं कोणी दाखवते काय, साहेब?"

आमदार आधी हसले. जाताना म्हणाले, "माझी मायही अशीच होती."

सभागृहात ते या विषयावर बोलले. मी वर प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसून ऐकलं. त्यांनी घरट्याची गोष्ट सांगितली तेव्हा दोन्ही बाजूंची बाकं हसली, आणि हसता हसता मंत्र्यांनी इंजिनाचा खर्च याच वर्षी देण्याचं आश्वासन दिलं. आश्वासन म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी दर आठवड्याला कार्यालयात जाऊन बसायचे. शेवटी तिथले बाबू मला कंटाळले, पैसे सुटले आणि इंजिन दुरुस्त होऊन होळीच्या सुमारास परत आलं. घरटं काकांनी आधीच अलगद उचलून हँगरच्या तुळईवर ठेवलं होतं. मैना काही परत आली नाही. काका रोज वर बघायचे.

एकटीच्या उड्डाणाचा माझा मार्ग उमरेडवरून चंद्रपूरकडे होता. आईला फोनवर तेवढंच सांगितलं होतं की सकाळी तुझ्या डोक्यावरून जाईन. "बरं," एवढंच ती म्हणाली.

त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं आणि माझा हात स्थिर होता. भीती वाटली नाही, खोटं काहून सांगू? कोळशाच्या खाणी दिसल्या, मग बसस्टँड, मग आमची गल्ली. सगळी छपरं मळकी, वर टायर, मोडक्या खाटा, ताडपत्र्या. आणि मधोमध एक गच्ची धुऊन काढलेली, कोरी, तिच्यावर आईच्या मागावरची नवी लाल साडी पूर्ण उलगडून पसरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून.

हिवाळाभर मी या सवयीला शिव्या घातल्या होत्या. आता मी पाहुणी होते. माझ्यासाठी घर आवरलं होतं, तेही मला दिसणार होतं त्या बाजूने, वरून. डोळे भरून आले, तेवढ्यात रेडिओवर टॉवरने विचारलं, कुठे पोचलात?

"उमरेडवर," मी सांगितलं, आणि पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले.