गोधडीच्या आत कोण जाणार?

तुमच्या घरात गोधडी असेल तर सांगा, तिच्या आत काय आहे? वरचे तुकडे मी विचारत नाही, ते कुणीही सांगेल. उसवल्याशिवाय दिसत नाही ते आतलं कापड कुणाचं आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. मला येतं. पण तिथवर पोचायला मला एक पत्रक छापावं लागलं.

मी बेंगळुरूत बसवनगुडीला राहते, दिवसा एका कंपनीसाठी मजकूर लिहिते आणि सुटीच्या दिवशी हातानं गोधड्या शिवते. आमच्या सीमाभागात तिला वाकळ म्हणतात. घरात आई-बाबा दोघंही विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. गुलाबी, पिवळ्या पत्रकांचे गठ्ठे पार चुलीपर्यंत यायचे. घड्या घालायचं काम माझ्याकडे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. बाबांचा एक नियम होता, पत्रकाच्या शेवटी मागणी एकच असावी. दोन केल्या की माणूस दोन्ही विसरतो.

फेकलेलं कापड म्हणजे फेकलेली मेहनत, हे मी त्या घरातून घेऊन आले. म्हणून आईच्या साड्यांची शिवलेली पहिली गोधडी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तेव्हा खाली लिहिलं, "जुनं कापड टाकू नका, मला द्या." आणि लोक देत सुटले. कोरमंगल्याहून स्कूटरवर बोचकी आली, आनेकलहून बसनं पिशव्या आल्या. पलंगाखालची जागा भरली, मग कपाट, मग पलंगच.

तो पलंग माझा नव्हता. माझी मैत्रीण नागपूरची, आयटीतली, निम्मं भाडं भरणारी. पलंग तिनं घेतलेला, पण पाठदुखीमुळे ती खाली गादीवर झोपायची, त्यामुळे कापडाला मोकळं रान मिळालं. तिनं प्लॅस्टिकचे डबे आणले. मी रंगांप्रमाणे घड्या घालून डबे भरले. ढीग देखणा झाला, कमी झाला नाही. रचणं म्हणजे वापरणं नव्हे.

एका संध्याकाळी मी चिकपेटेच्या बाजारातून कोऱ्या कापडाचा तागा घेऊन वर आले, तर ती दारातच उभी.

"हे काय आणून राहिली तू?"

"आत घालायला कापड. गोधडीचं पोट भरायला नको का?"

"अन् तो पलंगावर आहे तो काय आहे? केक आहे का?"

"ते सगळं वरचं आहे. वर लावायचं म्हणून दिलंय लोकांनी. मी शब्द दिलाय."

ती हसली नाही. "अगं, घरात एवढं जुनं कापड, अन् तू नवीन विकत आणून राहिली! नीट ऐक. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथंच करायचं ठरलं. पुढच्या महिन्यात येते ती. खालून उठता येत नाही तिला. मला पलंग रिकामा पाहिजे. होत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरा फ्लॅट बघते."

मी मेहनतीबद्दल काहीतरी बोलायला लागले. "हे घर आहे, मोर्चा नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

चूक तिची नव्हती. मी तागा मांडीवर घेऊन ढिगासमोर बसले. प्रत्येक बोचक्याबरोबर एक वाक्य आलं होतं आणि ते मला पाठ होतं. हिचा पदर मधोमध येऊ दे. हा काठ दिसला पाहिजे हं. बाबांच्या खाकी शर्टाचा खिसा वरच ठेवा. एकानंही कधी म्हटलं नव्हतं की आमचं आत घाला. आता गोधडीला वरची एक बाजू, खालची एक, आणि मध्ये तीन-चार थर. ऊब त्या थरांची. तिथं अनेकदा धुतलेलं, मऊ झालेलं सुतीच लागतं, कोरं घातलं की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. माझ्या अलीकडच्या दोन गोधड्या तशाच झाल्या होत्या. ढीग उतरत नव्हता, कारण सगळ्यांनाच वर बसायचं होतं. हा प्रश्न डब्यांनी सुटणार नव्हता. हा पत्रकाचा प्रश्न होता.

मी लिहिलं आणि बाबांना फोनवर वाचून दाखवलं. "गोधडीच्या आत कोण जाणार? सगळेच वर बसले तर ऊब कोण देणार? जे दिसतं तेच मोलाचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? रविवारी या. आपलं कापड आत घालू द्या, नाहीतर घरी घेऊन जा."

"दोन झाल्या," बाबा म्हणाले.

"काय दोन?"

"मागण्या. 'नाहीतर' म्हटलंस की लोक 'नाहीतर'च ऐकतात."

शेवटचे शब्द मी खोडले. मैत्रीण म्हणाली, ग्रुपवर टाक, संपलं. मी नाही म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लोक अंगठ्यानं सरकवतात, कागद हातात आला की वाचावाच लागतो. झेरॉक्सच्या दुकानातून गुलाबी कागदावर छापून आणलं, आणि घड्या मात्र तिनंच घातल्या, माझ्यापेक्षा वाकड्या. पत्रकं मी घरोघर नेऊन दिली.

रविवारी बरेच आले. खाकी शर्टवाल्या काकांनी पत्रक पुन्हा उभ्याउभ्या वाचलं, ढिगातून तो शर्ट काढून घेतला आणि "मग मीच घालतो, बागेत काम करताना" म्हणून गेले. मला ते फार आवडलं. बऱ्याच जणांनी "घाला आत" म्हणून हात झटकले. अडल्या त्या एक काकू. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठीत निम्मी कन्नड. त्यांच्या आईचं इरकल माझ्याकडे होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं.

"माझ्या अव्वाची साडी तू आत कोंबणार?"

"कोंबणार नाही काकू, अंथरणार."

"मग ती दिसणार कुणाला?"

"कुणालाच नाही."

"हे बघा! तोंडावर सांगते!"

"जी पांघरेल तिला कळेल. वर लावली तर उन्हानं विटेल, घासून फाटेल. जी सर्वांत मऊ आहे ती वर वाया जाते, काकू."

त्या साडीवरून हात फिरवत राहिल्या. "काठ तेवढा बाहेर ठेव."

"काठ जाड आहे, आत टोचेल. तो मी उसवून तुम्हालाच देते."

"स्वल्पही सोडत नाहीस गं तू," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली कात्री घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, काठ स्वतःच उसवायला बसल्या. काठाची गुंडाळी पर्समध्ये टाकून उठताना म्हणाल्या, "सरी, चालेल. घाल. पण मधल्या थरात. कडेला नको."

मैत्रिणीची आई आली तेव्हा पलंग रिकामा होता. अगदी रिकामा नाही. त्यावर एक गोधडी होती, चारही बाजूंनी टाचलेली, शिवायची राहिलेली. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर मावशी तिच्यावर पाय लांब करून बसल्या, हातानं दाबून बघितलं.

"काय घातलं गं आत? पाय रुततो."

"एका काकूंच्या आईचं इरकल."

"अन् वरून तर दिसत नाही, मग कुणाला कळणार?"

"तुम्हाला सांगितलं ना."

त्यांनी सुई मागितली. चालायला लागेपर्यंत त्या कडेकडून आत धावदोरा घालत राहिल्या, आणि मैत्रिणीनं दुसरा फ्लॅट बघितला नाही. ढीग अजून आहे, पण आता तो पलंगाखाली मावतो. चिकपेटेतला तागा मी परत केला.

माझ्याकडे पत्रकं संपली आहेत, म्हणून हे इथं लिहिते. मागणी एकच. तुमच्या कपाटात एक साडी असेल, धुऊन मऊ झालेली, कुणाची तरी म्हणून ठेवलेली. ती गोधडी शिवणाऱ्या कुणाच्याही हातात द्या आणि देताना म्हणा, हिला आत घाल.