निळ्या दोऱ्याची शिवण

रंगाच्या बाबतीत रीळकाकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाजाराच्या गल्लीत त्यांचं दोरे-बटणांचं दुकान होतं. दुकान सासूचं, तिने ते दोन्ही सुनांच्या हाती दिलं होतं. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पुढे केला, की काकू तो दिव्याखाली धरायच्या, मागच्या फळीवर हात घालायच्या आणि रीळ पुढे ठेवायच्या. "घ्या. शिवून झाल्यावर दोरा शोधून दाखवा." गल्लीतले सगळे शिंपी त्यांना मानायचे. धाकट्या जाऊबाई बटणं मोजून द्यायच्या, हिशेब बघायच्या आणि संध्याकाळी दुकान आवरायच्या.

साठी उलटली तसं काकूंना वाटू लागलं, की हल्लीचे बल्ब पूर्वीसारखे राहिले नाहीत. बल्ब बदलला. मग चष्मा बदलला. मग दोऱ्याच्या कंपनीला नावं ठेवून झाली. नाचता येईना अंगण वाकडं, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणणार कोण? संध्याकाळी धाकटी खोक्यांतली रिळं उचलून या खोक्यातून त्या खोक्यात टाकताना दिसली, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. 'लावलेली फळी विस्कटते, दुसरं काय!'

एक दिवस शिंपीमामा काळा कोट घेऊन दुकानात शिरले. "काकू, उन्हात धरला की सगळी शिवण निळी दिसते. गिऱ्हाइकाने कोट माझ्या अंगावर फेकला."

काकूंनी मागचापुढचा विचार केला नाही. "हिने दिलं असेल रीळ. हिचं लक्ष कुठे असतं!"

धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, ते तुम्हीच काढलं होतंत. एकदा डोळे दाखवून घ्या ना. मी येते सोबत."

"माझे डोळे? सुईत दोरा ओवायला माझ्याकडून शिकलीस आणि आता मलाच आंधळी ठरवतेस? उद्यापासून या दुकानाची पायरी चढू नकोस."

धाकटीने हातातली कात्री गल्ल्यावर ठेवली, चपला पायांत सरकवल्या आणि गेली. दोघी एकाच गावात, पण त्यानंतर दोन वर्षं बोलणं नाही. घरातल्या माणसांनी दोन्हीकडून समजावून पाहिलं आणि शेवटी तो विषयच सोडला.

मग एका सकाळी काकूंनी चहा कपाच्या शेजारी ओतला. मुलाने रिक्षा बोलावली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

"मोतीबिंदू चांगलाच पिकलाय दोन्हीकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज-कालचा नाही, बऱ्याच वर्षांचा आहे. रंग फसवत असतील ना? काळा, निळा एकसारखाच दिसत असेल?"

"छे," काकू म्हणाल्या. "माझा तर धंदाच रंगांचा." पण घरी येताना रिक्षात त्यांनी पदराचा काठ डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या खोलीत सगळ्यांना ओळीने बसवलं होतं. डोक्यावर कागदी टोपी, ज्या डोळ्याचं काम त्याच्या भुवईवर पेनाची खूण. परिचारिका फिरून फिरून थेंब घालत होती. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते.

"बाई, म्हणतात सुई टोचत नाहीत, नुसते थेंब! आमच्या बसचंही असंच होतं. ब्रेक नव्हता, नुसता हॉर्न."

सगळे हसले. काकूंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात तो कोट फिरत होता.

आत गारठा होता. टेबलावर आडवं केलं, तोंडावर कापड आलं, त्याला एका डोळ्यापुरतं भोक. पापण्या कशाने तरी ताणून धरल्या. वर दिव्याचा पिवळट, चहाच्या रंगाचा डाग.

"दिव्याकडेच बघत राहा, आजी. हलू नका, बोलू नका."

दुखलं असं नाही. डोळ्यावर गार पाणी पडत होतं, कानाशी यंत्र घुंई घुंई करत होतं, आणि कुणीतरी आतून दाबतंय असं वाटत होतं. चहाचा डाग थरथरला, फुटला, त्याच्या कडा विरघळल्या. आणि एकाएकी तिथे निळा आला. स्वच्छ, धुतलेला निळा, त्याच्या पोटात पांढरा, कडेला थोडा गुलाबी. असा निळा आपण किती वर्षांत पाहिलाच नाही, हे काकूंना तिथे आडवं पडल्या पडल्या कळलं. मग दुकानात निळा म्हणून आपण काय विकत होतो? त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बोलायची मनाई होती, ते बरंच झालं.

"झालं, आजी."

"झालं?" काकू उठून बसल्या. "एवढंच होतं?"

एवढ्याशासाठी धाकटी 'मी येते सोबत' म्हणाली होती.

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि आठवडाभराने, मुलगा नको म्हणत असताना, त्या दुकानात गेल्या. फळीसमोर उभ्या राहिल्या. जुना डोळा झाकला, नवा उघडला. मग नवा झाकला, जुना उघडला. जुन्या डोळ्याला काळ्याचं खोकं सबंध काळं दिसत होतं. नव्या डोळ्याला त्यातली निम्मी रिळं गडद निळी, काही तर चक्क जांभळी. पांढऱ्यात पिवळट मिसळलेली. धाकटी रोज संध्याकाळी फळी विस्कटत नव्हती, आपण केलेला घोळ निस्तरत होती. काकू स्टुलावर बसून राहिल्या. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी "आज बंद आहे" म्हणून परत पाठवलं.

आधी त्या शिंपीमामांकडे गेल्या. "मामा, त्या कोटाचा दोरा मी दिला होता. तिने नव्हे."

मामांनी मशीन थांबवलं. "कुठला कोट, काकू?"

सांगितल्यावरही त्यांना आठवेना. ज्या कोटापायी काकूंनी घरचं माणूस तोडलं, तो ज्याने शिवला तोच विसरून गेला होता.

धाकटी आता पडद्यांच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकापाशी आली, हाताला कापडाचे तंतू चिकटलेले.

"ताई! घरून कळलं मला. डोळा कसा आहे?"

"स्वच्छ. म्हणून तर आले. तू खरं बोललीस आणि मी तुला चारचौघांत खोटं पाडलं. चुकले गं."

धाकटी हातावरचे तंतू वेचत म्हणाली, "तुम्हाला रंग नीट दिसत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं."

"मग भांडली का नाहीस?"

"मामांसमोर तुमचा शब्द पडला असता."

काकूंनी फाटकाचा गज धरला. म्हणाल्या, "परत ये दुकानात. तुझंही आहे ते."

"नाही जमायचं, ताई. राग नाही आता. पण इथे मी निळा म्हटलं, की तो निळा असतो. त्याची सवय झालीय मला."

फाटकावरची घंटा वाजली. जाता जाता ती वळली. "दुसरा डोळा कधी आहे? रजा मिळाली तर येईन."

रजा मिळाली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती बाहेरच्या बाकावर बसून होती. काकू आल्यावर तिने थेंबांच्या वेळा नीट विचारून घेतल्या, त्यांना हात धरून रिक्षात बसवलं.

"दुकानावरून जाऊ या का गं?" काकूंनी विचारलं. "फळी लावतेय परत. तू एकदा बघितलीस तर..."

"आज नको, ताई. अर्धाच दिवस रजा आहे."

तिने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि ती बसथांब्याकडे चालायला लागली. काकूंनी उघड्या डोळ्याने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं, आणि मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला."