प्रियंकाची पाण्याची बाटली

शिरड शहापूरहून कालव्याच्या कडेने निघालं की थोड्याच अंतरावर शिवहारचा आखाडा लागतो. शेतातलं एका खोलीचं घर, वर पत्रे, बाजूला बैलांचा गोठा आणि दगडांच्या आधाराने उभी केलेली डिशची छत्री. गावातलं राहतं घर सोडून शिवहार रोज संध्याकाळी तिकडे का जातो, याचं गावाकडे पक्कं उत्तर होतं. रानडुकरं. त्याच्या शेतातल्या हळदीला डुक्कर फारसं तोंड लावत नाही, पण शेजारच्या तुकड्यात मका होता आणि मक्याला राखण लागते. उत्तर खोटं नव्हतं. फक्त डुकरं अंधार पडल्याशिवाय येत नाहीत आणि शिवहार उजेडातच पोचायचा, कारण साडेसहाला ‘टिमटिमपूर’ लागायचं.

‘टिमटिमपूर’ ही लहान मुलांची हिंदी कार्टून मालिका. डोंगरातलं एक स्टेशन, आणि धीमानजी नावाचं म्हातारं कासव तिथला स्टेशनमास्तर. दिवसातून गाडी एकच. त्या गाडीतून रोज कोणीतरी उतरतं: छत्री हरवलेला बेडूक, भलत्याच गाडीत बसलेली म्हैस, भांडून घर सोडलेली माकडं. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी, म्हणून पाहुण्याला मुक्काम करावाच लागतो. धीमानजी चहा टाकतो, ऐकून घेतो. सकाळी गाडी येते, पाहुणा जातो, कासव हिरवा झेंडा गुंडाळून आत जातं.

शिवहारचं वय सत्तेचाळीस. घरात नवा टीव्ही आला तेव्हा जुना आखाड्यावर गेला होता. बातम्यांत माणसं एकमेकांवर ओरडत होती, मालिकांमध्ये रडत होती. बटणं दाबता दाबता कासव लागलं. त्या दिवशी स्टेशनवर एक उंट उतरला होता, तोंड पाडून. धीमानजीने काही न विचारता त्याच्यापुढे चहाची कपबशी ठेवली. शिवहारने रिमोट खाली ठेवला.

घरी भांडण नव्हतं. मंजुषा, त्याची बायको, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. ती मशीनवर, तो शेतात. मूल नव्हतं. नांदेडचे डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांचं वय झालं आणि त्या विषयाबरोबर बाकीचे विषयही हळूहळू बंद झाले. जेवायला वाढू का, मोटार बंद केली का, एवढ्यावर दिवस निघायचा.

कार्टूनबद्दल त्याने एकदाच कोणाला सांगायचा प्रयत्न केला होता. फाट्यावरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता, तिथे तो म्हणाला, “ते कासवाचं लावा बरं जरा.” चहा पिणारी पोरं खोखो हसली. “काका, दुधाची बाटली बी मागवू का?” त्यानंतर त्याने तो विषय कोणापुढे काढला नाही.

औंढ्याला बँकेच्या कामासाठी गेला असताना लालसिंगच्या दप्तरांच्या दुकानाबाहेर त्याला ती बाटली टांगलेली दिसली. गुलाबी रंगाची, गळ्यात अडकवायची दोरी, आणि पोटावर हिरवा झेंडा धरलेला धीमानजी. शिवहार उभाच राहिला.

“केवढी हाय बेबी?” बाटली खाली काढत लालसिंगने विचारलं.

‘मलाच पाहिजे’ म्हणायला हरकत नव्हती. पण तोंडातून निघालं, “दुसरीला.”

“नाव सांगा, झाकणावर टाकून देतो. शाळेत लेकरं अदलाबदल करतेत.”

“प्रियंका.”

लालसिंग हसला. “जुन्या वळणाचं ठेवलं की भाऊ. आता तर गल्लीत आवाज दिला की चार आरोही पळत येतेत.”

नाव जुनं असण्याला कारण होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मंजुषाला दिवस गेले होते. मुलगी झाली तर प्रियंका, असं दोघांनी ठरवलं होतं. मुलाचं नाव ठरवायच्या आधीच सगळं संपलं. तेव्हापासून घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. आता ते काळ्या शाईने झाकणावर होतं.

शिवहारने बाटली आखाड्यावर खताच्या रिकाम्या गोणीत ठेवली. पुढच्या वेळी स्टिकर आणले, मग कंपासपेटी, मग उशीचा अभ्रा. खरं तर वस्तूंपेक्षा त्याला लालसिंगच्या दुकानात थांबणं आवडू लागलं होतं.

“प्रियंकाची परीक्षा कशी झाली?”

“गणितात जरा कच्ची हाय.”

“म्हंजे बापावर गेली!”

असं कोणी म्हटलं की शिवहार परत येताना मोटारसायकल सावकाश चालवायचा.

जूनमध्ये त्याचा थोरला चुलतभाऊ तातेराव नातीला दप्तर घ्यायला त्याच दुकानात गेला. लालसिंगने गावाचं नाव विचारलं आणि मोकळ्या मनाने म्हणाला, “मग शिवहारभाऊ तुमच्यातलेच! त्यांच्या प्रियंकाला बी हेच कासव आवडतं.”

प्रियंकाला आई मिळायला फार वेळ लागला नाही. आधी ती सिद्धेश्वर गावची एक विधवा होती. नंतर कोणी म्हणालं, हट्ट्याची शिक्षिका आहे. आखाड्याचं उत्तरही गावाने त्याच झटक्यात बदललं. डुकरं कशाची अन् राखण कशाची.

तातेराव स्वतः आखाड्यावर आला. बाजेवर बसला, घाम पुसला.

“शिवहार, भावकीत कोणी नाव ठेवणार न्हाई. मर्द गडी हाय. पण लपवलं काहून?”

“दादा, तसलं काही न्हाई.”

“मग बाटली कोणाची?”

“माझी.”

तातेरावने मांडीवर थाप मारली. “तुझी! गळ्यात अडकवायची, गुलाबी! आरं, लबाडी तरी बराबर करावं माणसानं.”

“खरंच दादा. कार्टून हाय ते. मी बघतो.”

“मला काय येडं समजून राहिला का? आमची नात चौथीला गेली, ती म्हणती कासव बारक्या पोरांचं हाय. अन् तू बघतो!” हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उठताना त्याने शिवहारच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने यापूर्वी कधी ठेवला नव्हता. “लेकरू तर झालं ना. बाकीचं मी बघतो.”

खरं सांगून झालं होतं आणि ते कोणी घेतलं नव्हतं. शिवहार इथे चुकला. तो पुन्हा सांगायला गेला नाही. फाट्यावरच्या हॉटेलात आता लोक सरकून त्याला जागा देत होते. ज्या पोरांनी दुधाच्या बाटलीवरून चेष्टा केली होती तीच पोरं “शिवहारकाका, चहा?” म्हणत होती. कार्टून बघणाऱ्याला गाव हसतं. दुसरी बाई ठेवणाऱ्याबद्दल गाव बोलतं, पण हसत नाही. त्याने दिवसामागून दिवस जाऊ दिले.

मंजुषा त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढून, झाकून ठेवायची आणि मशीनवर बसायची. मग एका सकाळी, तो वहाणा घालत असताना, ती पाठीमागून म्हणाली, “दुसरी केली, त्याचं मला काही न्हाई.”

शिवहार वहाणेचा पट्टा लावत राहिला.

“पण ते नाव काहून दिलं तिला? दुनियेत दुसरी नावं नव्हती?”

“मंजुषा, ऐक...”

“काही सांगू नका.”

त्यानंतर मशीनवर ब्लाउजांऐवजी एक पिवळं फुलाफुलांचं कापड दिसू लागलं. शिवहारने ते पाहिलं, पण कोणा गिऱ्हाइकाचं असेल असं त्याला वाटलं. रविवारी दुपारी तिने त्याला आत बोलावलं. तिच्या हातात फ्रॉक होता, बाहीला चुण्या, कमरेला मागे बांधायचा पट्टा.

“शाळा सुरू झाल्या,” ती म्हणाली. “पोरगीला इकडं आणा. तिची माय येत असंल तर येऊ द्या, मागची खोली हाय. लेकरानं कोणाचं काय केलं?”



“अंदाजानं शिवला,” ती फ्रॉक हातावर पसरत म्हणाली. “दुसरीतलं लेकरू केवढं असतं, मला कुठं माहीत.”

फ्रॉक जेमतेम चार वर्षांच्या मुलीला बसला असता. डोळ्याने बघून बाईचं माप सांगणारी मंजुषा इथे चुकली होती.

“चल,” शिवहार म्हणाला. “आखाड्यावर चल.”

त्याला तिथे नेऊन सगळं दाखवायचं होतं. तिने मात्र वेगळं ऐकलं. तिने तोंड धुतलं, नवं लुगडं नेसलं, पिशवीत फ्रॉक घातला आणि वर बिस्किटाचा पुडा ठेवला. कालव्याच्या पुलावर खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा ती म्हणाली, “हळू. बिस्किटं चुरतील.” तेव्हा कुठे शिवहारच्या लक्षात आलं की ती मुलीला भेटायला निघाली आहे. गाडी थांबवून तिथेच सांगायला हवं होतं. त्याने थांबवली नाही.

आखाड्यावर ती दारातच उभी राहिली. खोलीत बाज, चूल, टीव्ही. ती गोठ्यापर्यंत जाऊन आली.

“कुठं हाय?”

शिवहारने गोणी ओढली. बाटली, स्टिकर, कंपासपेटी, अभ्रा, एकेक वस्तू बाजेवर ठेवली. मंजुषाने अभ्रा उचलला, शिवण उलटी करून पाहिली. धुवट नव्हता. स्टिकरचं एकही पान उघडलेलं नव्हतं. कापड वापरलेलं की कोरं, हे तिला सांगावं लागत नसे.

“हे तर समदं कोरं हाय.”

“पोरगी न्हाई,” शिवहार म्हणाला. “बाई बी न्हाई. कोणीच न्हाई. मी कार्टून बघतो. त्याच्यातलं हे कासव.”

त्याने टीव्ही लावला. वेळ झालीच होती. स्टेशनवर उचकी लागलेला एक रेडा उतरला होता आणि धीमानजी त्याला पाणी पाजत होता. मंजुषा बाजेच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर. ती हसली नाही.

“अन् नाव?” तिने विचारलं.

“दुकानदारानं विचारलं. दुसरं काही तोंडात आलंच न्हाई.”

रेड्याची उचकी थांबली. टाळ्या वाजल्या. मंजुषाने बाटली हातात घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला.

“बाई ठेवली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. रागात नव्हे. माप सांगावं तशी म्हणाली.

मग तिने बाटली पिशवीत, फ्रॉकवर ठेवली आणि उठली. शिवहारही उठला, किल्ली शोधू लागला.

“बसा,” ती म्हणाली. “तुमचं संपलं न्हाई अजून.”

कालव्याच्या कडेने ती एकटीच चालत गेली. तिचं नवं लुगडं पुलापर्यंत दिसत होतं.

प्रकरण तिथे मिटायला हवं होतं, पण गाव अजून प्रियंकाची वाट बघत होतं. मुलगी आली नाही, तेव्हा गावाने त्याचाही अर्थ लावला. मंजुषा नवीन लुगडं नेसून आखाड्यावर गेली होती, हे लोकांनी पाहिलं होतं. एकटी परत आली, हेही पाहिलं होतं. शिवहार लेकरू आणायला तयार होता, बायकोने उंबरा ओलांडू दिला नाही, असं ठरलं. तातेरावने तिच्या घरचं पाणी घेणं सोडलं.

हे शिवहारला कळलं ते श्रावणात. तो वसरीवर वहाणा घालत होता. आत शकुंतलाबाई ब्लाउज घालून बघायला आली होती.

“रागावू नको ग मंजुषा,” ती म्हणत होती, “पण लेकराचा काय दोष? काहून आडवी गेली त्याला? स्वतःचं असतं तर...”

शिवहारचा हात वहाणेच्या पट्ट्यावर थांबला. आत आता काय म्हटलं जाईल, ते त्याला माहीत होतं. बाटली, कासव, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. संध्याकाळपर्यंत हॉटेलात पोचलं असतं. आणि शकुंतलाबाईने मंजुषावर विश्वास ठेवला असता.

टाचण्या तोंडात धरून बोलताना होतो तसा मंजुषाचा आवाज आला. “माझ्यानं न्हाई झालं. मन मोठं लागतं. हात वर करा.”

शकुंतलाबाई गेली. जाताना तिने शिवहारकडे कीव करून पाहिलं. तो तसाच बसून होता. साडेसहा वाजून गेले. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, तो ‘टिमटिमपूर’चा नव्हता. उठून तातेरावकडे जावं, फाट्यावर जावं, चार माणसांत पुन्हा सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तातेरावच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं, तेही आठवलं. गुलाबी बाटली त्या दिवसापासून दिसली नव्हती. तिने ती कुठे ठेवली, हे त्याने विचारलं नव्हतं.

मंजुषा दिवा लावायला बाहेर आली.

“गेला न्हाईत?”

“न्हाई.”

तिने वात वर केली, काडी विझवली, आणि आत जाता जाता, गल्लीतल्या कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जावा. मक्यात डुकरं येतेत.”