कणकेवरची चार बोटं

लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "फ्रिजातली कणीक खाऊ नये, पोट बिघडतंय." अकरा वर्षं मी, वेडी, शाळेतली नोकरी सांभाळून दोन्ही वेळा ताजी कणीक मळत राहिले.

परवा उदगीरला नणंदेकडे गेले. सासूबाई महिनाभर तिथंच होत्या. दुधासाठी फ्रिज उघडला, तर डब्यात कालची कणीक. गोळा पिंडासारखा दिसू नये म्हणून त्यावर चार बोटं उमटवलेली, त्यात करंगळीची खूण अर्धीच. सुपारी कातरताना अडकित्त्यानं सासूबाईंच्या करंगळीचं पेर तुटलेलं आहे.

मी डबा त्यांच्यापुढं आदळला.

"एका दिवसानं काई होत न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "लेकीची सकाळची शाळा असती. तिनं कवा मळावं?"

माझीही शाळा सकाळचीच आहे.